बहुकौशल्यदर्शक शब्द

बहुकौशल्यदर्शक शब्द : अनेक विद्या, कला वा व्यवसाय यांत सारखीच गती असणाऱ्या व्यक्तीसाठी मराठीत चतुरस्र, सव्यसाची, अष्टावधानी, हरहुन्नरी, अष्टपैलू इ. शब्द रूढ आहेत. व्यवहारात ते जवळजवळ समानार्थी म्हणून वापरले जात असले, तरी त्यांची कुळे भिन्न आहेत. कोणत्या वर्गाच्या कौशल्याला समाजाने मान दिला आणि कोणाच्या कौशल्याला तो नाकारला, हेही त्यांच्या इतिहासावरून कळून येते.

‘चतुरस्र’ म्हणजे चार कोनांचा, चौरस. शुल्बसूत्रांत यज्ञवेदीच्या रचनेसंबंधी आणि भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्यगृहाच्या एका प्रकारासंबंधी तो येतो. सर्व बाजूंनी प्रमाणबद्ध हा त्याचा लाक्षणिक अर्थही जुनाच असून कालिदासाने कुमारसंभवात पार्वतीच्या देहसौष्ठवाच्या वर्णनात तो योजिला आहे. चौरसाकृतीवरून माणसाच्या परिपूर्णतेची कल्पना करणे ही केवळ भारतीय रीत नव्हे. ग्रीक कवी सायमनिडीझ यानेही उत्तम पुरुषाला ‘चौकोनी’ म्हटले आहे. मराठीत हा शब्द पुष्कळदा ‘चतुरस्त्र’ असा लिहिला जातो. चार अस्त्रे धारण करणारा असा काहीसा अर्थ लिहिणाऱ्याच्या मनात असावा; पण मूळ शब्दाशी अस्त्राचा काहीही संबंध नाही.

‘सव्यसाची’ हे अर्जुनाचे नाव. डाव्या हातानेही धनुष्य ओढू शकणारा, हा त्याचा अर्थ. आधुनिक मराठीत दोन क्षेत्रांत सारख्याच सामर्थ्याने वावरणाऱ्यास, विशेषतः लेखकास, ते लावतात. ‘अष्टावधानी’चा उगम सभारंजनाच्या विद्येत आहे. तेलुगू व कन्नड प्रदेशांत विशेष जोपासल्या गेलेल्या अवधानकलेत आठ पृच्छक एकाच वेळी समस्यापूर्ती, निषिद्धाक्षरी, घंटेचे टोल मोजणे अशी आव्हाने देतात व अवधानी ती सर्व स्मरणात ठेवून पुरी करतो. तेव्हा हा शब्द मुळात कौशल्यांच्या संख्येचा नसून अवधानाचा आहे. मराठीत हा भेद बराच पुसट झाला आहे.

संस्कृत परंपरेतील आदर्श राजा व नागरक यांच्याकडून मात्र बहुविध ज्ञानाची अपेक्षा होती. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांत गायन-वादनाबरोबर सुतारकाम, वास्तुविद्या, धातुवाद आणि पोपटास बोलावयास शिकविणे हेही आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसोल्लास रचला. राज्यकारभार, हत्तींची परीक्षा, रत्ने, पाककला, चित्रकला, मल्लविद्या असे विषय त्याच्या शंभर अध्यायांत आले असून ‘सर्वज्ञ’ हे बिरुद त्याला लाभले. तथापि जाणणे आणि हाताने करणे यांत अंतर असते. सुतारकाम जाणणारा नागरक रसिक ठरे. त्यावर पोट भरणारा सुतार मात्र सुतारच राही.

हाताच्या कसबाला नाव मिळाले ते फार्सीकडून. ‘हुनर’ हा शब्द ‘हु’ (संस्कृत ‘सु’) आणि ‘नर’ यांपासून झाला असून वेदातील ‘सूनर’ हा त्याचा सगोत्र होय. इराणमध्ये नक्श-इ-रुस्तम येथील आपल्या समाधिलेखात पहिल्या दरायसने (कार. इ. स. पू. ५२२–४८६) या शब्दाच्या प्राचीन रूपाने आपली कौशल्ये सांगितली आहेत : आपण उत्तम घोडेस्वार आहोत, घोड्यावरून व पायउतार होऊन बाण आणि भाला चालविण्यातही निपुण आहोत, असे तो म्हणतो. म्हणजे अनेक कौशल्यांची गणना या शब्दाला फार पूर्वीपासून जोडलेली आहे. दख्खनमधील मुसलमानी राजवटींच्या काळात मराठीत फार्सी शब्दांचा मोठा भरणा झाला. नकार द्वित्त होऊन मराठीत ‘हुन्नर’ झाला, त्याला कारागिरीबरोबर युक्तीचाही अर्थ चिकटला आणि ‘हरहुन्नरी’त कौतुकाबरोबर किंचित मिश्कील छटा राहिली. शेजारच्या गुजरातीत दलपतरामाने १८५१ मध्ये ‘हुन्नरखाननी चढाई’ लिहून यंत्रोद्योगालाच आक्रमक सरदाराचे रूप दिले.

‘अष्टपैलू’ हा शब्द संकरज आहे. अष्ट संस्कृत, तर पैलू हे फार्सी ‘पहलू’ म्हणजे बाजू. रत्नाला पैलू पाडण्याच्या कल्पनेवरून तो व्यक्तीला लागला, आणि क्रिकेटच्या मराठी वृत्तांतांनी तो घरोघरी नेला. विनू मंकड यांनी १९५२ मध्ये लॉर्ड्‌सवर ७२ व १८४ धावा काढून ९७ षटके गोलंदाजी केली. हा त्याच्या अर्थाचा चांगला दाखला होय. पु. ल. देशपांडे यांच्या गुळाचा गणपती (१९५३) या चित्रपटासंबंधी मात्र मराठीतील एवढे शब्द हाताशी असतानाही ‘सबकुछ पु. ल.’ हेच वर्णन लोकांना पसंत पडले.

हे सर्व शब्द प्राधान्याने पुरुषांसाठी वापरले गेले. स्त्रीच्या वाट्याला ‘सुगरण’ (सुगृहिणी) आला, तोही बहुतांशी स्वयंपाकापुरता. धान्य साठविणे, शिवणटिपण, बाळंतपण, औषधपाणी ही कामे त्यात गृहीत धरली गेली. घराबाहेर कौशल्यावर जगणाऱ्या स्त्रीबाबत भाषा अधिकच कठोर झाली. कसबी हा कुशल कारागीर, पण कसबीण म्हणजे वेश्या. कलावंत हा गौरवाचा शब्द, पण कलावंतीण हा महाराष्ट्रात व गोव्यात हेटाळणीचा ठरला. एकाच धातूच्या नाण्याची ही दोन मोले प्रस्तुत विषयातील सर्वांत लक्षणीय बाब आहे.

गावगाड्यातही असेच घडले. महार वतनदाराकडे गावाची राखण, सरकारी निरोप पोहोचविणे, प्रवाशांना वाट दाखविणे अशी नाना कामे असत. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष महत्त्वाची मानली जाई, कारण गावाची हद्द त्याच्याइतकी नेमकी क्वचितच कोणाला ठाऊक असे. या ज्ञानाला व अंगमेहनतीला कोणतेही गौरवाचे नाव मिळाले नाही. तिची गणना ‘पडेल ते काम’ यातच झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या वतनाविरुद्ध प्रदीर्घ लढा दिला व अखेर १९५८ च्या मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन अधिनियमाने ते रद्द झाले.