नागपुरच्या स्त्रिया आणि मानवी हक्कांचा जाहीरनामा

नागपुरांतील सदर हा भाग इंग्रजी अमदानींत साहेबी वस्तीचा म्हणून ओळखला जाई. चर्च, मिशनच्या शाळा, बंगले आणि या सर्वांच्या गरजा पुरविणारी बाजारपेठ असें त्याचें रूप होतें. या वस्तीच्या पूर्वेच्या अंगानें, गड्डीगोदामावरून, कामठीच्या लष्करी छावणीकडे जाणारा रस्ता आहे. १८२१ सालीं कामठीस छावणी बसली तेव्हांपासून नागपुर व कामठी यांच्यामध्यें माणसांची व मालाची ये-जा अखंड चालत आली. विसाव्या शतकाच्या आरंभीं नागपुरच्या स्टेशनापासून कामठीपर्यंत डोक्यावरून ओझीं वाहून नेणाऱ्या मजूर स्त्रियांमध्यें जाईबाई चौधरी नांवाची एक तरुण मुलगी होती. जातीनें महार, लहानपणींच लग्न झालेली. नऊदहा मैलांची ही वाट ती पायीं तुडवीत असे. पुढें मिस् ग्रेगरी या मिशनरी बाईंचें तिच्याकडे लक्ष गेलें. त्यांच्या साह्यानें ती शिकली व शिक्षिका झाली, आणि १९२२ सालीं जाईबाईंनीं नागपुरांत मुलींसाठीं चोखामेळ्याच्या नांवानें शाळा काढली.

आंतरराष्ट्रीय कायदा व मानवी हक्क हे शब्द कानीं पडतांच जिनीव्हा, न्यूयॉर्क, पॅरिस हीं नगरें डोळ्यांपुढें येतात. कामठीचा रस्ता कोणाच्या डोळ्यांपुढें येत नाहीं. तथापि स्त्रीच्या हक्कांसंबंधीं १९४८ सालीं जगानें जें मान्य केलें, त्यांतील पुष्कळसा भाग त्याआधीं सहा वर्षें नागपुरच्या एका मंडपांत मोठ्या स्पष्ट शब्दांत मागितला गेला होता. या दोन घटनांत कार्यकारणाचा संबंध आहे असें म्हणणें धाडसाचें होईल. परंतु त्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या, तर हक्क ही वस्तु कोठून उगवते याविषयीं बरेंच कांहीं कळतें.

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षीं वॉशिंग्टन येथील पहिल्या परिषदेंत स्त्रियांसंबंधीं दोन करार झाले. एक बाळंतपणाच्या वेळीं कामगार स्त्रीस रजा व साह्य देण्याचा, दुसरा कारखान्यांत रात्रीं स्त्रियांना कामास न लावण्याचा. दुसरा करार हिंदुस्थान सरकारनें १९२१ सालीं मान्य केला, पहिला मात्र मान्य केला नाहीं. ना. म. जोशी यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत प्रसूति-साह्याचें विधेयक मांडलें, तें फेटाळलें गेलें. मग प्रांतांनीं एकेकट्यानें पाऊल टाकलें. मुंबई इलाख्याचा कायदा १९२९ चा, मध्यप्रांताचा १९३० चा. नागपुरास १८७७ सालापासून एम्प्रेस मिल चालू होती, त्यामुळें या कायद्याचा उपयोग तेथील गिरणकामकरी स्त्रियांना होण्याजोगा होता. पण घरच्या ओसरीवर बसून विड्या वळणारी स्त्री कारखान्यांत जात नसे. म्हणून कायद्याच्या दृष्टीनें ती कामगारच नव्हती. सूप मांडीवर घेऊन दिवस मावळेपर्यंत बोटें चालविणारी बाई काम करीत नाहीं, असें मानण्यास कायद्यालाच धैर्य लागतें!

याच सुमारास सुशिक्षित स्त्रियांची चळवळहि वाढत होती. अखिल भारतीय महिला परिषदेचें पहिलें अधिवेशन १९२७ च्या जानेवारींत पुण्यास, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. शिक्षण, बालविवाह, वारसा, मतदान या प्रश्नांवर या परिषदेनें केलेलें कार्य लहान नाहीं. डिसेंबर १९३७ मध्यें तिचें अधिवेशन नागपुरास भरलें. राजकुमारी अमृत कौर अध्यक्ष होत्या. जाईबाई चौधरी व त्यांच्या कांहीं भगिनी या अधिवेशनास गेल्या होत्या. सभेंत स्त्रीजातीच्या समान हक्कांची भाषणें झालीं आणि जेवणाची वेळ झाली तेव्हां या स्त्रियांची पंगत निराळी मांडण्यांत आली. अपमान गिळून बसण्याची रीत त्यांनीं मोडली. १ जानेवारी १९३८ रोजीं नागपुरच्या दलित स्त्रियांनीं सभा भरवून या वागणुकीचा जाहीर निषेध केला.

ही पंगत किरकोळ समजून सोडून देतां येत नाहीं. स्त्री म्हणून सर्व स्त्रियांचें दुःख एक आहे, हें त्या काळच्या स्त्रीचळवळीचें मुख्य प्रमेय होतें, व ब्रिटिश सरकारपुढें साऱ्या देशांतील स्त्रियांच्या वतीनें तें मांडलें जात होतें. नागपुरच्या पंगतीनें या प्रमेयांतली उणीव उघडी केली. निषेध करणाऱ्या स्त्रियांनीं तें प्रमेय खोटें म्हटलें नाहीं, तें अपुरें आहे एवढेंच दाखविलें.

त्यानंतर साडेचार वर्षांनीं, २० जुलै १९४२ रोजीं, नागपुरच्या मोहन पार्कमध्यें अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, कीर्तिबाई पाटील स्वागताध्यक्ष. वीस ते पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या. दिवस पावसाळ्याचे, देश महायुद्धांत ओढलेला, आणि तीनच आठवड्यांनीं ‘चले जाव’चा वणवा पेटावयाचा होता. अशा वेळीं खेड्यापाड्यांतून स्त्रिया, कित्येक पोरांना कडेवर घेऊन, या मंडपांत आल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्यापुढें बोलले. समाजाची प्रगति आपण त्यांतील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतों, असें त्यांनीं सांगितलें. मुलींचीं लग्नें घाईनें करूं नका आणि लग्न झाल्यावर पत्नीनें पतीची दासी न होतां त्याची बरोबरीची मैत्रीण व्हावें, असाहि उपदेश त्यांनीं केला.

परंतु अधिक लक्ष द्यावयाचें तें परिषदेच्या ठरावांकडे. सबळ कारण असल्यास पत्नीला पतीपासून घटस्फोट घेण्याचा हक्क कायद्यानें मिळावा आणि एका पुरुषानें अनेक बायका करण्याची चाल कायद्यानें बंद व्हावी, हे दोन ठराव विवाहासंबंधीं होते. गिरण्या, विड्यांचे कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे यांतील कामकरी स्त्रियांना वर्षाकाठीं २१ दिवसांची किरकोळ रजा, इजा झाल्यास भरपाई आणि २० वर्षें नोकरी झाल्यावर पेन्शन मिळावें, अशी मागणी होती. स्त्रियांवर देखरेख करण्यास गिरणीमालकांनीं स्त्रियाच नेमाव्या असें मागणें होतें. मुकादमाच्या हाताखालीं जिनें एक आठवडा काढला असेल तिला त्याचें कारण सांगावें लागत नाहीं. याखेरीज मुलींसाठीं वसतिगृहें व सक्तीचें प्राथमिक शिक्षण मागितलें होतें, आणि कायदेमंडळांत व स्थानिक संस्थांत स्त्रियांना राखीव जागा.

आतां दृश्य पॅरिसचें. १० डिसेंबर १९४८ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या साधारण सभेनें मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा संमत केला. ४८ मतें अनुकूल, ८ राष्ट्रें तटस्थ, विरुद्ध एकहि नाहीं. मसुदा तयार करणाऱ्या मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्ष श्रीमती एलिनॉर रूझवेल्ट होत्या. भारताच्या प्रतिनिधि हंसाबाई मेहता होत्या. जन्मानें गुजराती असल्या तरी त्यांचें सार्वजनिक जीवन मुंबईंत गेलें, मुंबईच्या कायदेमंडळांत त्या होत्या आणि महिला परिषदेचें अध्यक्षपदहि त्यांनीं भूषविलें होतें. पहिल्या कलमाच्या मसुद्यांत ‘सर्व पुरुष’ असाहि अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. श्रीमती रूझवेल्ट यांचें म्हणणें असें कीं, इंग्रजी भाषेच्या वहिवाटीनें त्यांत स्त्रिया येतातच. हंसाबाईंना तें पटलें नाहीं. कित्येक देशांत या शब्दाचा अर्थ शब्दशः घेतला जाईल आणि स्त्रियांना बाहेर ठेवण्यास तो निमित्त होईल, असा इशारा त्यांनीं दिला. अखेर ‘सर्व मानवप्राणी’ या अर्थाचा शब्दप्रयोग कलमांत आला. हा वाद केवळ शब्दांचा वाटत असेल तर मराठींतील ‘बाईमाणूस’ हा जोडशब्द आठवून पाहावा. बाई माणूस आहे हें सांगण्यास भाषेला दोन शब्द जोडावे लागले, पुरुषासाठीं एकट्या ‘माणूस’ शब्दानें बहुधा भागतें.

सोळाव्या कलमांत विवाह करतांना, विवाह चालू असतांना आणि तो मोडतांना स्त्रीपुरुषांचे हक्क समान ठरविले आहेत. या कलमाच्या चर्चेंत पाकिस्तानच्या बेगम शाइस्ता इक्रामुल्ला यांनीं बालविवाह व सक्तीचे विवाह यांविरुद्ध समान हक्कांची बाजू उचलून धरली. स्त्रियांचा निराळा उल्लेख सर्वत्र व्हावा म्हणून भारताच्या लक्ष्मी मेनन यांनींहि आग्रह धरला होता.

नागपुरचे ठराव वाचून हा जाहीरनामा हातीं घेतला म्हणजे ओळखीचीं माणसें भेटल्यासारखें वाटतें. घटस्फोटाचा ठराव सोळाव्या कलमांत दिसतो. पगारी रजेचा हक्क चोविसाव्या कलमांत आहे, म्हातारपणाची व अपंगत्वाची तरतूद पंचविसाव्यांत, सक्तीचें प्राथमिक शिक्षण सव्विसाव्यांत. रजेचें कलम पाहून पुढें कित्येक पंडित हंसले, रजा हा कसला मानवी हक्क, असें त्यांनीं विचारलें. हा प्रश्न रजा सहज मिळणाऱ्यालाच सुचूं शकतो. स्टेशनावरून कामठीपर्यंत ओझें वाहणाऱ्या स्त्रीला विसावा आणि माणूसपण या दोन गोष्टी निराळ्या करून सांगाव्या लागत नाहींत.

एक भेद मात्र राहतो. जाहीरनाम्याच्या दुसऱ्या कलमांत वंश, वर्ण, लिंग, भाषा, धर्म, जन्म वगैरे भेद मोजून त्यांवरून पंक्तिप्रपंच करूं नये असें म्हटलें आहे. त्या यादींत हे भेद एकामागून एक सुटे उभे आहेत. नागपुरच्या मंडपांतील स्त्रीच्या आयुष्यांत ते सुटे नव्हते. लिंग, जन्म आणि मजुरी यांचें ओझें तिच्या डोक्यावर एकाच वेळीं असे. तिचे ठराव त्याच ओझ्याच्या मापानें लिहिलेले होते, म्हणून त्यांत विवाहाच्या शेजारीं विडी आणि शाळेच्या शेजारीं पेन्शन बसलें आहे. ही दृष्टि आंतरराष्ट्रीय कायद्यांत यावयास पुढें कित्येक दशकें लागलीं.

ठरावांचें पुढें काय झालें तें थोडक्यांत असें. हिंदु स्त्रीला देशभर घटस्फोटाचा हक्क देणारा व हिंदु पुरुषाला दुसरें लग्न मना करणारा कायदा १९५५ सालीं झाला. त्यापूर्वीं, १९५१ सालीं, हिंदु कोड बिल रखडल्याचें एक कारण देऊन डॉ. आंबेडकरांनीं मंत्रिपद सोडलें होतें. स्त्रियांविरुद्धचे भेदभाव नष्ट करण्याचा १९७९ चा आंतरराष्ट्रीय करार भारतानें १९९३ सालीं मान्य केला. मात्र विवाहविषयक सोळाव्या कलमाच्या बाबतींत कोणत्याहि समाजाच्या खासगी व्यवहारांत त्याच्या पुढाकारावांचून व संमतीवांचून हात न घालण्याचें धोरण त्यासोबत नमूद केलें. दोन्ही दस्तऐवजांत विवाहाच्या कलमाचा क्रमांक सोळाच आहे, हा योगायोग असेल.

विडीकामगार स्त्रियांना सर्वांत अधिक वाट पाहावी लागली. मोहन पार्कमधील ठरावानंतर चोवीस वर्षांनीं, १९६६ सालीं, विडी व सिगार कामगारांचा कायदा संसदेनें केला. त्यांत पगारी रजा आली, बाळंतपणाचें साह्य आलें, आणि कामगार या शब्दाच्या व्याख्येंत पानतंबाखू घरीं नेऊन ओसरीवर विड्या वळणारी स्त्रीहि आली.