पाण्याविना बेट

लातूर जिल्ह्यात बेटं आहेत आणि त्यांच्या चारही बाजूंना शेतं आहेत. उदगीर तालुक्यात देवर्जनजवळ हत्तीबेट आहे. ती एक टेकडी. तिच्यात कोरलेल्या गुहा आहेत, वर गंगाराम महाराजांची समाधी आहे. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचं बेट आहे, तेही टेकडीच. त्याला संजीवनी बेट म्हणतात. उत्तरा नक्षत्र लागलं की तिथल्या औषधी वनस्पतींसाठी लांबलांबची माणसं येतात. सुट्टीच्या दिवशी डबे बांधून निघालेल्या उदगीरकराला कुठं चाललात म्हणून विचारा. ‘बेटाकडं जाऊलालो’ म्हणून तो सांगेल. कोकणातल्या पाहुण्याला वाटेल, याला आता होडी लागणार!

डोंगराला बेट कसं म्हणतात? उदगीरहून बिदर जवळ आणि तिथून कानडी मुलूख सुरू होतो. कानडीत ‘बेट्ट’ म्हणजे डोंगर. म्हैसूरची चामुंडी बेट्ट आणि बंगळूरजवळची नंदी बेट्ट ही नावं आपल्याकडच्या प्रवाशांनाही माहीत आहेत. बंगळूरची माणसं रविवारी नंदी बेट्टावर जातात, उदगीरची हत्तीबेटावर. मला हा शब्द एकच वाटतो. जोडाक्षर सैल होऊन बेट्टचं बेट होणं मराठी जिभेला अगदी सहज आहे. या भागात दोन्ही भाषा शतकानुशतकं एकाच बाजारात बोलल्या गेल्या आहेत. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूर’ या श्रेष्ठ नगरीचे स्वामी म्हणवत. हे लट्टलूर म्हणजेच लातूर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांच्या दरबारात कानडीला मोठा मान होता. अण्णा आणि अक्का ज्या वाटेनं आपल्या घरात आले, त्या वाटेनं एखादा डोंगरही आला असेल.

पण पाण्यातलं बेटही खोटं नाही. गुजरातेत बेट द्वारका आहे, ती खरोखर समुद्राच्या पाण्यात आहे. मालवणच्या कुरटे बेटावर १६६४ साली शिवरायांनी सिंधुदुर्गाचा पाया घातला. पंजाबात सतलजच्या काठच्या सखल, गाळाच्या पट्ट्याला ‘बेट’ म्हणतात. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला लुधियानाकडून येणाऱ्या भाविकाच्या मनात बेट म्हटलं की नदीकाठची ओली जमीन येते. त्याच पंगतीत बिदरचा कुणी बसला असेल तर त्याला उंच डोंगर दिसेल आणि मालवणच्या माणसाला लाटा. मराठीनं आणखी एक अर्थ जपला आहे, बांबूचं बेट. सपाट रानात मधेच दाट उभा असलेला तो पुंजका. हे सगळे अर्थ शेजारीशेजारी ठेवले की मराठी मनातलं बेट कळतं. भोवतालच्या सपाटीतून वेगळं उठून दिसणारं, ते बेट. ती सपाटी पाण्याची असो की ज्वारीची.

संस्कृतातला ‘द्वीप’ मात्र पाण्याला धरून आहे. द्वि आणि अप् मिळून द्वीप, ज्याच्या दोन्ही बाजूंना पाणी ते. पाणिनीनं यासाठी स्वतंत्र नियमच सांगितला आहे. त्या नियमात द्वीपाबरोबर अंतरीप, प्रतीप आणि समीप हीही भावंडं बसतात. अंतरीप म्हणजे पाण्यात शिरलेली भूमी. प्रतीप म्हणजे प्रवाहाच्या उलट. आणि समीप म्हणजे मुळात पाण्यालगतचं! जिथं वस्ती पाण्याच्या आधारानं होते, तिथं ‘जवळ’ या कल्पनेलाच पाण्याचा ओलावा असणार. नांदेडकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. गाव गोदावरीला धरून वसलेलं आहे. त्याचं जुनं नाव नंदितट असं सांगतात, त्यातही तट आहेच. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातूरकरांनाही समीप या शब्दाचं मोल कळेल.

फारसीत अप् चं रूप ‘आब’. दोन नद्यांमधला मुलूख तो दोआब. द्वीप आणि दोआब हे एकाच रक्ताचे शब्द आहेत आणि पाच पाण्यांचा पंजाबही त्याच कुळातला. द्वीपाचं प्राकृत रूप ‘दीव’. गुजरातच्या किनाऱ्यावरचं दीव हेच नाव घेऊन बसलं आहे, मालदीवच्या नावातही ते आहे. लक्षद्वीपला मात्र १९७३ साली पूर्ण संस्कृत नाव मिळालं. अरबीत बेटाला ‘जझीरा’. मराठी दर्यावर्द्यांनी त्याचा जंजिरा केला आणि पुढे पाण्यातल्या किल्ल्यालाच जंजिरा म्हणू लागले. अरबी लोक दोन नद्यांमधल्या प्रदेशालाही जझीरा म्हणतात. म्हणजे बेटाच्या अर्थाला समुद्राची सक्ती तिकडेही नव्हती.

बेटावर जाण्याचे शब्दही बदलत आले. प्रवास म्हणजे मुळात घरापासून दूर राहणं, त्यात विरहाची कळ होती. आता तो नुसता जाणंयेणं झाला. सफर अरबीतून आली. तीच पूर्व आफ्रिकेत जाऊन सफारी झाली आणि आता जंगलात जीपमधून हिंडताना आपण तिला तिकडच्या रूपात बोलावतो. मुक्काम म्हणजे उभं राहण्याची जागा. यात्रेला आमच्याकडे निराळाच थाट आहे. माळेगावची यात्रा म्हटलं की खंडोबा, घोडे, गाढवं, उंट आणि बाजार आलाच. ‘काळं पाणी’ तर सर्वांत दूर गेलं. अंदमानच्या जन्मठेपेचं ते नाव होतं. आज लातूर-नांदेडची कुटुंबं सेल्युलर जेलमध्ये हात जोडून उभी राहतात आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या निळ्या पाण्यात पाय बुडवतात. दोन्ही गोष्टी कराव्यात. नाव विसरू नये.

अंदमान, लक्षद्वीप, मालवण जमेल तेव्हा जरूर पाहावीत. पण निवांत हिंडायला दरवेळी विमान लागत नाही. हत्तीबेट, संजीवनी बेट, खरोसा लेणी, कंधारचा किल्ला, पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा या सगळ्या समीपच्या जागा आहेत. तिथं जाताना नावही सोबत न्यावं. माझा आग्रह एवढाच की नव्या फलकांवर आणि माहितीपत्रकांत बेटाचं बेटच राहावं, कुणी त्याचं ‘हिल पॉइंट’ करू नये. हत्तीबेट या चार अक्षरांत मराठी आणि कानडीचा जुना शेजार नांदतो आहे. दुसरं नाव दिलं तर टेकडी राहील, शेजार पुसला जाईल. आपल्या गावच्या टेकड्या, ओढे, माळ, डोह यांना थोरली माणसं काय म्हणतात ते विचारून तरुणांनी लिहून ठेवावं. शाळेची सहल निघेल तेव्हा गुरुजींनी मुलांना आधी बेट या शब्दाची गोष्ट सांगावी आणि मग टेकडी चढायला लावावी.