सुरकुत्यांवरील इंजेक्शनांचा खर्च

चेहऱ्यावरील सुरकुत्या तात्पुरत्या कमी करण्यासाठी बोट्युलिनम टॉक्सिन या औषधाची इंजेक्शने दिली जातात. 'बोटॉक्स' हे या औषधाच्या एका उत्पादनाचे व्यापारी नाव असले, तरी सर्वच इंजेक्शनांसाठी ते सर्रास वापरले जाते. या उपचाराचा खर्च मुख्यत्वे औषधाची मात्रा, उत्पादनाचा प्रकार, इंजेक्शन देणाऱ्याची पात्रता आणि उपचार किती वेळा घ्यावा लागतो यांवर अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूपासून मिळणारे हे विष बोट्युलिझम या गंभीर विषबाधेस कारणीभूत ठरते. अत्यल्प मात्रेत स्नायूत टोचले असता ते चेतातंतूच्या टोकाशी होणारा ॲसिटिलकोलिन या रसायनाचा स्राव रोखते व स्नायू काही काळ शिथिल होतो. अमेरिकन नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावरील उपचारासाठी त्याचा उपयोग केला. १९८९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिरळेपणा व पापण्यांचे अनैच्छिक आकुंचन यांसाठी त्यास मान्यता दिली. कॅनडातील व्हँकुव्हर येथील नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स आणि त्यांचे पती, त्वचारोगतज्ज्ञ ॲलस्टेर कॅरुथर्स यांनी १९९२ मध्ये भुवयांमधील आठ्यांवरील परिणामाविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. या सौंदर्योपचारास अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली.

मात्रा व एकक

औषधाची मात्रा 'युनिट' या जैविक क्रियाशीलतेच्या एककात मोजतात. बोटॉक्स या उत्पादनाची अमेरिकेतील मान्य मात्रा भुवयांमधील आठ्यांसाठी २० युनिट व दोन्ही डोळ्यांच्या बाहेरील कोपऱ्यांजवळील सुरकुत्यांसाठी एकूण २४ युनिट आहे. कपाळावरील आडव्या रेषांसाठी २० युनिट दिली जातात व त्यांच्यासोबत भुवयांमधील भागावरही उपचार केला जातो. तिन्ही भागांवर एकाच वेळी उपचार केल्यास एकूण मात्रा ६४ युनिट होते.

निरनिराळ्या उत्पादनांची युनिटे परस्परांशी बदलता येत नाहीत. डिस्पोर्ट या उत्पादनाची भुवयांमधील भागासाठीची मान्य मात्रा ५० युनिट आहे. त्यामुळे एखाद्या उत्पादनाचा प्रतियुनिट दर कमी दिसला, तरी एकूण उपचार स्वस्त असेलच असे नाही.

आकारणीच्या पद्धती

दर प्रामुख्याने दोन पद्धतींनी आकारले जातात. पहिल्या पद्धतीत प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांनुसार, तर दुसऱ्या पद्धतीत चेहऱ्याच्या भागानुसार ठरावीक रक्कम घेतली जाते. भागानुसार आकारणीत एकूण रक्कम आधी कळते, मात्र त्यात किती युनिट औषध दिले जाईल हे विचारल्याशिवाय समजत नाही.

औषध भुकटीच्या स्वरूपात कुपीत येते व सलाईनमध्ये विरघळवून वापरले जाते. १०० युनिटच्या कुपीत २.५ मिलिलिटर सलाईन घातल्यास ०.१ मिलिलिटर द्रावणात ४ युनिट औषध असते. ५ मिलिलिटर घातल्यास तेवढ्याच द्रावणात २ युनिट असते. म्हणून टोचण्यांची संख्या किंवा द्रावणाचे आकारमान यांवरून दरांची तुलना करता येत नाही. बोटॉक्सची कुपी शीतपेटीत २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानास ठेवावी लागते आणि विरघळवलेले औषध २४ तासांच्या आत वापरावे लागते. साठवण व वाया जाणारे औषध यांचा भारही दरात येतो.

पुनरावृत्ती व वार्षिक खर्च

परिणाम साधारणपणे ३ ते ४ महिने टिकतो. त्यानंतर स्नायूंची हालचाल पूर्ववत होऊन सुरकुत्या पुन्हा दिसू लागतात. म्हणून एका वेळच्या रकमेपेक्षा वार्षिक रक्कम अधिक अर्थपूर्ण ठरते. उदाहरणादाखल प्रतियुनिट ३०० रुपये दर गृहीत धरल्यास २० युनिटांचे ६,००० रुपये होतात. वर्षातून तीन वेळा उपचार घेतल्यास १८,००० रुपये. याच दराने ६४ युनिटांच्या तीन उपचारांचा खर्च ५७,६०० रुपये होतो. तज्ज्ञाचे सल्लाशुल्क व कर वेगळे असल्यास ते यात मिळवावे लागतात.

चेहरा स्थिर असतानाही दिसणाऱ्या खोल रेषांवर या इंजेक्शनांचा परिणाम मर्यादित असतो. त्यांसाठी सुचवले जाणारे फिलर हे निराळे उत्पादन असून त्याची मात्रा मिलिलिटरमध्ये मोजतात.

कर व विमा

भारतात आरोग्यसेवांना वस्तू व सेवा करातून सूट आहे. मात्र जन्मजात दोष, विकासातील विकृती किंवा दुखापत यांमुळे करावे लागणारे उपचार वगळता सौंदर्यशस्त्रक्रियेला ही सूट लागू नाही. आरोग्य विम्यातही केवळ सौंदर्यासाठीचे उपचार सामान्यतः वगळलेले असतात. दीर्घकालीन अर्धशिशी किंवा स्नायूंचा ताठरपणा यांसाठी हेच औषध दिल्यास तो वैद्यकीय उपचार ठरतो. तेव्हा विम्याचे संरक्षण पॉलिसीच्या अटींवर अवलंबून असते. ब्रिटनमध्ये केवळ सौंदर्यासाठीच्या उपचारावर मूल्यवर्धित कर लागतो.

अल्प दर व सुरक्षितता

टोचलेल्या जागी काळे-निळे होणे, डोकेदुखी व पापणी तात्पुरती खाली झुकणे हे संभाव्य दुष्परिणाम आहेत. औषधाचा परिणाम टोचलेल्या जागेपासून दूर पसरल्यास गिळण्यास व श्वास घेण्यास त्रास होऊ शकतो. याविषयी ठळक इशारा छापणे अमेरिकेत २००९ मध्ये बंधनकारक करण्यात आले. २०२४ मध्ये त्या देशातील अनेक राज्यांत बनावट बोटॉक्स आढळले व काहींना बोट्युलिझमसदृश लक्षणांमुळे रुग्णालयात दाखल करावे लागले. ब्रिटनमध्ये हे औषध केवळ चिठ्ठीवर मिळते. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून १८ वर्षांखालील व्यक्तींना सौंदर्यासाठी ते देण्यास बंदी आहे.

दरांची तुलना करताना उत्पादनाचे नाव, एकूण युनिटे, कुपीवरील उत्पादन क्रमांक व वापराची अंतिम तारीख, इंजेक्शन देणाऱ्याची वैद्यकीय नोंदणी आणि पुनर्तपासणीचे शुल्क या बाबी पाहणे आवश्यक असते. गरोदरपणात, तसेच मायस्थेनिया ग्रेव्हिससारख्या चेता-स्नायू विकारांत उपचारापूर्वी वैद्यकीय सल्ला अनिवार्य मानला जातो.

हे सुद्धा पहा

बोट्युलिझम
त्वचारोगशास्त्र
वस्तू व सेवा कर