भुसा, आवाज आणि आत्तीचा खोकला

ज्यांनी हा भाग कानाने ऐकला त्यांना सुरुवातीची पंधरा सेकंद दातावर डेंटिस्टची मशीन चालल्यासारखा आवाज आला असेल. वाचणाऱ्यांसाठी सांगतो, तो आवाज नेसरीचा आहे. माझ्या आत्तीच्या घरातला.

नेसरी म्हटलं की पहिल्यांदा खिंडच आठवते. 24 फेब्रुवारी 1674, प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार. गडहिंग्लज तालुक्यातल्या या गावात आजही भिंतीभिंतीवर तुम्हाला ते सात घोडेस्वार दिसतील. आत्तीचा मुलगा, म्हणजे माझा दादा, हेच सात घोडेस्वार लाकडात कोरून विकतो. हाताने नाही, सीएनसी राउटरवर. फेब्रुवारी जवळ आला की त्याला जेवायला वेळ नसतो.

मशीन ठेवलीय कुठं? स्वयंपाकघराला लागून असलेल्या मागच्या खोलीत. गेल्या पावसाळ्यात मी गेलो तेव्हा खिडक्या बंद, बाहेर पाऊस, आत मशीन सुरू. फोडणीच्या डब्यावर बोट फिरवलं तर पिवळसर पीठ. आत्ती खोकत होती. "पावसाळी हवा हाय रे, दुसरं काय न्हाई," म्हणाली. ते ऐकून मी गप्प बसलो. मग घरी येऊन वाचत सुटलो, आणि त्यातून हा भाग तयार झाला.

आमचे आजोबा सुतार. त्यांचं सुतारमेट गावाच्या कडेला, चिंचेखाली. वर छप्पर, तीन बाजू उघड्या. वाकस, रंधा, पटाशी, सामता ही त्यांची हत्यारं. पटाशी लाकूड सोलते. ढलपी निघते, ती खाली पडते आणि संध्याकाळी चुलीत जाते. करवतीचा भुसा निघायचा, तो शेगडीत ठासून भरला की सकाळचं पाणी तापायचं. बारीक धूळ होतच नव्हती असं नाही, पण ती वाऱ्यावर जायची. ठोकाठोकीचा आवाजही घरापासून लांब राहायचा. म्हणून जुनं सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही, आजोबांची पाठ चाळिशीतच गेली होती. पण हवा आणि अंतर ही दोन कामं मेटाची जागाच फुकटात करत होती.

आता तुम्हाला थेट इंग्लंडला नेतो, कारण मेट सोडून बंद खोलीत शिरलं की काय होतं, याचा हिशोब तिथं मांडला गेला. हाय विकम नावाचं गाव. लाकडी खुर्च्यांसाठी प्रसिद्ध. जुने कारागीर आसपासच्या बीचच्या जंगलातच बसून, पायाने चालवायच्या चरकावर, ओल्या लाकडातून खुर्चीचे पाय काढायचे. ओलं लाकूड, उघडी हवा. मग कारखाने आले, वाळलेलं लाकूड आलं, वेगाने फिरणारी पाती आणि सँडिंग मशीन आली. 1960 च्या दशकात तिथल्या कान-नाक-घसा सर्जन एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आलं की नाकाचा एक अत्यंत दुर्मीळ कॅन्सर फर्निचरवाल्यांमध्ये वारंवार दिसतोय. ऑक्सफर्डचे मॅकबेथ, आणि डोनाल्ड ॲचेसन वगैरे मंडळींबरोबर केलेला त्यांचा अभ्यास 1968 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. 1995 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली. पहिला गट म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे सिद्ध. तंबाखूही त्याच गटात आहे. दोन्हींचा धोका सारखा असा त्याचा अर्थ नाही, पुरावा तितका पक्का आहे एवढाच.

खरं तर "तू काम काय करतोस?" हा प्रश्न पेशंटला विचारा, असं इटलीच्या रामाझ्झिनी या डॉक्टरने 1700 सालीच लिहून ठेवलं होतं. व्हेनिसच्या तांबटांना ठोकून ठोकून बहिरेपण येतं, हेही त्याच पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत आहे.

बरं, दादाची मशीन. संगणकाच्या हुकमावर चालणारं हत्यार ही कल्पना अमेरिकेत जॉन पार्सन्स यांना हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कामातून सुचली आणि 1952 मध्ये एमआयटीत चालवून दाखवली गेली. तेव्हा सूचना भोकं पाडलेल्या पट्टीवर असायच्या आणि मशीन मोठ्या खोलीएवढा पसारा घेऊन बसायची. आज ती टेबलावर मावते. मावते म्हणूनच ती स्वयंपाकघराशेजारी आली.

दादाचा स्पिंडल मिनिटाला 24,000 फेरे मारतो. म्हणजे सेकंदाला 400. बिटला दोन धारा, म्हणजे लाकडावर सेकंदाला 800 घाव. तुम्ही ऐकलेली किंकाळी त्यातलीच. आणि मशीन मिनिटाला 2,400 मिलिमीटर सरकत असेल, तर एका घावाला फक्त 0.05 मिलिमीटर लाकूड मिळतं. त्याची ढलपी कशी होणार? पीठच होणार. फेरे अर्धे केले तर तोच घाव दुप्पट जाड पडतो. पीठ कमी, किंकाळी खालच्या सुरात. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, "फुकटचं औषध हाय की हे!" फुकटचं खरं, पण जाड घाव बिटला आणि लाकडाला झेपतो का, हे टाकाऊ फळीवर आधी बघायला लागतं.

त्याआधी त्याने काय काय केलं होतं ते ऐका. घरचा व्हॅक्युम लावला. ढलप्या गेल्या, पण सगळ्यात बारीक धूळ त्याच्या मागच्या जाळीतून परत खोलीत. जी दिसते ती धूळ त्याने पकडली, जी छातीत जाते ती मोकळी. मग एक्झॉस्ट फॅन बसवला. धूळ थेट शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवर. महिनाभर बोलणं बंद! मग एमडीएफची पेटी करून मशीन तिच्यात कोंडली. आवाज निम्म्यासारखा वाटायला लागला, पण स्पिंडल हवेवर थंड होणारा. तासाभरात हात लावता येईना, आणि जळका वास. कोंडलेली बारीक धूळ आणि ठिणगी हे भांडण जुनं आहे. 1878 च्या मे महिन्यात मिनियापोलिसची एक मोठी पीठगिरणी धुळीच्या स्फोटात उडाली, 18 कामगार गेले. धूळ खेचून घेणं हा गिरणीवाल्यांसाठी त्यानंतर जिवाचा प्रश्न झाला.

सायक्लोन हे साधं यंत्रही त्याच काळातलं, 1880 च्या दशकातलं. हवा डब्यात कडेने शिरते, गरगरते, जड कण भिंतीला आपटून खाली, हलकी हवा मधून वर. दादाने प्लॅस्टिकच्या बादलीवर तसलाच एक बसवला, पुढे बारीक फिल्टर. पेटीतून हवा सतत बाहेर खेचली जाते, त्यामुळे फटीतून धूळ बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. हवा आत यायची वाट मात्र नागमोडी, आतून जुनं घोंगडं ठोकलेलं. वारा वळणं घेत येतो, आवाज प्रत्येक वळणावर घोंगड्यात जिरतो. तीच हवा स्पिंडल थंड ठेवते. म्हणजे आवाज, वारा, धूळ ही तीन दुखणी वेगवेगळी नव्हतीच. एकाला दाबलं की दुसरं वर यायचं.

यात सरकार कुठं आहे? 1948 च्या फॅक्टरी कायद्यात कलम 14 धुळीचंच होतं, पण त्या मूळ कायद्यात वीज वापरणाऱ्या जागेत 10 कामगार असले तरच तो कारखाना ठरायचा. दादा एकटा. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम तेवढे त्याला लागतात, निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 10 नंतर 45. धुळीसाठी त्याच्यावर नजर ठेवणारं कुणीच नाही, आत्तीचा खोकला सोडून.

दिवाळीला परत गेलो तेव्हा मशीन परड्यातल्या रिकाम्या गोठ्यात होती. पेटी, बादली, घोंगडं सगळं तिथंच. दोन बाजू उघड्या, दादाच्या तोंडाला मास्क. शेजारच्या काकूंनी फराळाचं ताट पाठवलं होतं. आत्ती अजून खोकते, पण कमी. तिला गडहिंग्लजला डॉक्टरकडे नेलं तेव्हा मीच आधी सांगून टाकलं, घरात लाकडाचं काम चालतं म्हणून. डॉक्टरांनी पेन थांबवलं आणि विचारलं, "किती वर्षं?"