जरा बोलायचं होतं

फ्रेंच क्रियापदाचा 'वर्तमान संकेतार्थ' पाठ करायला सोपा आहे, समजावून सांगायला मात्र कठीण. नाशिकमध्ये मी फ्रेंच शिकवतो. वर्गात पुढच्या शिक्षणासाठी फ्रान्सला निघालेले इंजिनिअर असतात, दिंडोरीकडच्या वाइनरीत नोकरी धरू पाहणारी मुलेही असतात. या सर्वांना मी आधी 'पार्ले' हा धातू देतो. पार्ले म्हणजे बोलणे. (विलेपार्ल्याशी किंवा बिस्किटाशी त्याचा संबंध नाही, हे दर वर्षी सांगावे लागते.) मूळ रूप शाबूत ठेवायचे आणि त्याला अपूर्ण भूतकाळाचे प्रत्यय जोडायचे: ज पार्लरॅ, त्यु पार्लरॅ, इल पार्लरॅ, नू पार्लरियों, वू पार्लरिये, आणि अनेकवचनी पुन्हा इल पार्लरॅ. लिहिताना शेवटची अक्षरे बदलतात, पण कानाला सहापैकी चार रूपे एकच. 'मी बोलेन' हा साधा भविष्यकाळ 'ज पार्लरे'. त्याच्यात आणि संकेतार्थात अंतर केवळ एका स्वराचे, आणि तेही पुष्कळ फ्रेंच लोक बोलताना पाळत नाहीत.

भविष्याच्या अंगाला भूतकाळाचे शेपूट का, हा प्रश्न एखादा तरी विद्यार्थी विचारतोच. त्याचे उत्तर लॅटिनच्या उत्तरकाळात आहे. लोकांच्या बोलीत 'बोलणे' या मूळ रूपापुढे 'हाबेरे', म्हणजे 'जवळ असणे', हे क्रियापद येऊ लागले. त्याचे वर्तमानकाळी रूप जोडले की भविष्यकाळ झाला आणि भूतकाळी 'हाबेबात' जोडले की संकेतार्थ. दोन शब्द घासून घासून एक झाले. त्या जोडणीचा मराठीत शब्दशः अर्थ लावू गेलो तर हाती येते ते असे: बोलायचे होते.

संस्कृतनेही हेच दुसऱ्या वाटेने केले होते. 'करिष्यति' या भविष्याच्या अंगाला भूतकाळाचा 'अ' आणि भूतकाळाचेच प्रत्यय लावले की 'अकरिष्यत्' होते. हा लृङ्. जी क्रिया घडायची ती घडली नाही, तिला वैयाकरण 'क्रियातिपत्ति' म्हणतात. भविष्य आणि भूत यांची गाठ मारल्यावाचून न घडलेल्या गोष्टीबद्दल बोलता येत नाही, असे या दोन्ही भाषांना वाटले असावे.

प्राकृतात लृङ् टिकला नाही. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात क्रियातिपत्तीसाठी 'न्त' आणि 'माण' हे प्रत्यय नोंदवले आहेत. हे प्रत्यय खरे तर 'करत असलेला' अशा वर्तमानवाचक धातुसाधितांचे. त्या 'न्त'चा वंशज म्हणजे आपला 'ता'. 'तो करतो' हा वर्तमानकाळ आणि 'तो करता तर' हा संकेतार्थ, येथेही अंतर एका स्वराचेच! मराठीची ही वंशावळ सविस्तर मांडणारा ग्रंथ एका फ्रेंच माणसाचा आहे हा योगायोग मला फार आवडतो. झ्यूल ब्लोक यांचा मराठीच्या घडणीवरचा प्रबंध १९२० साली पॅरिसमध्ये ग्रंथरूपाने आला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये 'मराठी भाषेचा विकास' या नावाने तो मराठीत आणला. दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' त्याआधीचे, १९११चे. हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत. एक भाषेचे आजचे घर दाखवतो, दुसरा पाया.

आमच्या मुलांची नेहमीची चूक या वंशावळीतूनच येते. फ्रेंचमध्ये 'सि', म्हणजे 'जर', असलेल्या वाक्यांशात संकेतार्थ चालत नाही. तिथे अपूर्ण भूतकाळ हवा, संकेतार्थ फक्त 'तर'नंतर. मराठीत दोन्ही बाजू सारख्याच: 'पाऊस वेळेवर येता तर बाग वाचती.' संस्कृतातही दोन्हीकडे लृङ्. तेव्हा निफाडचा मुलगा 'सि'नंतर 'पार्लरॅ' म्हणतो तो काही आळसाने नव्हे.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. वरचे 'येता तर… वाचती' आज कोण बोलतो? मुले म्हणतात, 'पाऊस आला असता तर बाग वाचली असती.' बाग कालच गेलेली असो की अजून उभी असो, वाक्य तेच. फ्रेंचमध्ये 'ज पार्लरॅ' म्हणजे आत्ता बोलेन, जमले तर, आणि 'जोरॅ पार्ले' म्हणजे बोललो असतो, पण वेळ गेली. आपल्याकडे हा भेद दाखवणारे साधे रूप आता मुख्यतः 'अस' धातूपुरते उरले आहे: 'मी तिथे असतो तर.' त्यामुळे फ्रेंच कथेतली अजून शाबूत असलेली आशा मराठी अनुवादात बऱ्याचदा हळहळ होऊन उतरते. 'असता-असती'चा सरसकट वापर अनुवादकांनी तरी थांबवावा, 'करता'ला पुन्हा जागा द्यावी, असे माझे मत आहे. जुनाट वाटेल, वाटू दे.

संकेतार्थाचे आणखी एक काम आहे: अदब. दुकानात 'मला हवे' न म्हणता फ्रेंच माणूस संकेतार्थाने 'मला आवडेल' म्हणतो. याला मराठीत काय, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी त्यांना आपल्याच बँकेतली खिडकी आठवायला सांगतो. पासबुक हातात धरून उभे असलेले आजोबा आतल्या बाईंना म्हणतात, "मॅडम, जरा बोलायचं होतं." बोलायचे तर त्यांना आत्ताच असते.