रानडे, महादेव गोविंद : सामाजिक पाहणी आणि कल्याणकारी धोरण

(१८ जानेवारी १८४२ – १६ जानेवारी १९०१). न्यायाधीश, अर्थचिंतक व समाजसुधारक. जन्म निफाड (जि. नाशिक) येथे, बालपण कोल्हापुरात. महाराष्ट्रात दारिद्र्याची पद्धतशीर पाहणी करून तिच्या आधारे सरकारी जबाबदारी ठरविण्याची परंपरा त्यांच्या काळात रुजली.

१८७१ मध्ये पुण्यास आल्यावर रानडे तेथील सार्वजनिक सभा या संस्थेचे (स्थापना १८७०) वैचारिक सूत्रधार बनले. सभेच्या उपसमितीने १८७३ मध्ये दख्खन व कोकणातील शेतीस्थितीवर अहवाल प्रसिद्ध केला. १८७६–७८ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला कळविली आणि दुष्काळी कामांवरील अपुऱ्या मजुरीला विरोध केला. १८७५ च्या सावकारांविरुद्धच्या दख्खनच्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये शेतकऱ्यांना कर्जापासून दिलासा देणारा कायदा झाला. त्याच्या अंमलबजावणीत रानडे यांनी न्यायाधीश म्हणून भाग घेतला.

डेक्कन कॉलेजातील १८९२ च्या व्याख्यानात त्यांनी ब्रिटिश अर्थशास्त्राचे निर्हस्तक्षेपाचे तत्त्व हिंदुस्थानाला जसेच्या तसे लागू पडत नाही, असे मांडले. जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिख लिस्ट यांच्या विचारांशी हे प्रतिपादन जवळचे होते. उद्योगवाढ व शेतीकर्जपुरवठा यांत सरकारने पुढाकार घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. मात्र त्यांचा भर जमीन कसणाऱ्या मालकांवर होता. भूमिहीन मजूर या विचाराच्या कडेलाच राहिला.

पाहणीच्या या परंपरेत पुढे कृषितज्ज्ञ हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर (१९१७) व जातेगाव बुद्रुक (१९२१) या गावांचे घरोघर सर्वेक्षण प्रसिद्ध केले. पिंपळे सौदागरात शेतजमिनीचे सरासरी धारणक्षेत्र १७७१ मधील सुमारे ४० एकरांवरून १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले होते. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. याच संस्थेच्या वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्यावरील अभ्यासात सार्वजनिक कामांतून रोजगार देण्याचा उपाय सुचविला.

त्याआधीच राज्य विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगाव तालुक्यातील विसापूर भागात रोजगार हमीचा प्रयोग झाला होता. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये मंजूर होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. दुष्काळी कामावरील मजुरी सरकारची मेहेरबानी न राहता मजुराचा हक्क ठरली. २००५ मध्ये केंद्र सरकारनेही असा कायदा केला.