हिवाळी पाखरांचे दफ्तर

मुलकी कारभाराचे कागद ज्या काटेकोरपणे राखले जात, त्याच काटेकोरपणे पाखरांचेही दफ्तर राखणारा अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम आपणांस काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक म्हणूनच परिचित असला, तरी १८६७ ते १८७० या काळात तो जकात खात्याचा आयुक्त होता, आणि मिठाची चोरटी आयात अडविणाऱ्या काटेरी कुंपणाच्या तपासणीनिमित्त घडणारी भ्रमंती त्याच्या पक्षिशास्त्राच्या पथ्यावर पडली. १८७१ च्या नोव्हेंबरअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत, उत्तरेकडील बदके पाणथळींवर उतरलेली असताना, त्याने सिंधच्या मुलखात मुशाफरी केली. तिचा वृत्तांत त्यानेच काढलेल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्या काळी लेखणी बंदुकीच्या मागोमाग चाले. मारलेल्या पक्ष्याच्या डोळ्यांचा व पायांचा रंग लवकरच उडत असल्यामुळे तो ताबडतोब टिपावा लागे. मग तारीख, ठिकाण आणि नर की मादी, हे लिहिलेली चिठ्ठी त्याच्या पायाला बांधली जाई. चिठ्ठीवाचून कातडे म्हणजे सहीशिक्क्यावाचून दस्तऐवज.

पुढे एका हिवाळ्यात, ह्यूम सिमल्याबाहेर असता, एका नोकराने त्याच्या हस्तलिखितांचे गठ्ठे रद्दीच्या भावाने बाजारात विकले. वर्षानुवर्षांचा व्यासंग असा मातीमोल झाल्यावर त्याने १८८५ मध्ये सुमारे ८० हजार नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमच्या स्वाधीन केला. उरलेल्या टिपणांच्या आधारे यूजीन ओट्स याने घरटी व अंडी यांवरील ह्यूमच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती १८८९-९० मध्ये सिद्ध केली. रोजनिशी कितीही चोख असली, तरी तिची नक्कल वेळीच छापखान्यात पोहोचणे किती अगत्याचे, हे या प्रकरणावरून ध्यानात येते.